उभ्या गाडीची बॅटरी रातोरात का उतरते?

रात्री दारात उभी केलेली मोटार सकाळी चावी फिरवल्यावर सुरू होत नाही. बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज येतो, समोरचे दिवे मिणमिणतात आणि सगळे शांत होते. ‘बॅटरी उतरली’ हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. धक्का मारून किंवा शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडून त्या दिवसाची वेळ भागते. पण दोन दिवसांनी पुन्हा तेच होते. मग कोणी म्हणतो, बॅटरी बदला. कोणी म्हणतो, वायरिंग उकलून पाहा. बॅटरी बदलली जाते, काही हजार रुपये खर्च होतात आणि महिन्याभरात नवी बॅटरीही मान टाकते. याच्या उलटही घडते. दोष जुन्या बॅटरीचा असतो आणि गाडीचे चांगले वायरिंग विनाकारण सोडवले जाते.

हा प्रश्न अंदाजपंचे सोडवण्याची गरज नाही. माध्यमिक शाळेत शिकवला जाणारा ओहमचा नियम, ‘प्रवाह गुणिले वेळ’ एवढा गुणाकार, एक साधा मल्टिमीटर आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याची शिस्त एवढ्यावर त्याचा उलगडा होतो. विज्ञानाच्या पुस्तकातील विद्युतप्रवाहाचे प्रकरण दारातल्या गाडीला कसे लागू पडते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

बॅटरीत काय साठलेले असते?

मोटारीतील बॅटरी ही शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली हा संचायक घट तयार केला. दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली तरी त्याचे तत्त्व बदललेले नाही. धन पट्टिकेवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे आणि दोन्हींमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल अशी ही रचना असते. घटातून प्रवाह घेतला की दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी वाढते. प्रवाह उलट दिशेने सोडला की ही क्रिया उलट होते. यालाच आपण चार्जिंग म्हणतो. आम्ल खर्ची पडत असल्यामुळेच हायड्रोमीटरने द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजून बॅटरीची अवस्था कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते साधारण १.२७ असते, तर उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या आसपास येते.

एका घटाचे विभवांतर सुमारे २.१ व्होल्ट असते. असे सहा घट एकसर जोडले की १२.६ व्होल्ट मिळतात. आपण हिला ‘बारा व्होल्टची बॅटरी’ म्हणत असलो, तरी ठीक बारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते, हे ध्यानात ठेवावे. काही तास विश्रांती मिळालेल्या बॅटरीचे विभवांतर १२.६ किंवा त्याहून अधिक असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव भरलेली. अर्ध्या व्होल्टाच्या फरकात सगळा जमाखर्च येतो, म्हणून येथे काट्याच्या मीटरपेक्षा आकडे दाखवणारा मीटर बरा.

बॅटरीची धारणक्षमता अँपिअर-तासात सांगतात. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे १ अँपिअरचा प्रवाह ती साधारण ३५ तास देऊ शकेल. एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम विद्युतभार, हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

सेल्फला लागते किती?

गाडी सुरू करण्यास फार वीज खर्च होते असा समज आहे. तो तपासून पाहू. सेल्फ (म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) साधारण १५० अँपिअर प्रवाह घेते असे धरू. इंजिन २ सेकंदांत सुरू झाले तर खर्च झालेला भार १५० × २ = ३०० कूलोम, म्हणजे ०.१ अँपिअर-तासाहूनही कमी. ३५ मधून हे वजा केले तर नाममात्र!

मग उरलेल्या पाव भागात सेल्फ का फिरत नाही? कारण सेल्फला थोडा भार लागत असला, तरी तो एकदम लागतो. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध शतांश ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ०.०१ ओहम धरला तर १५० अँपिअरला १.५ व्होल्ट आतच खर्च होतात आणि सेल्फला ११ व्होल्ट मिळतात. बॅटरी उतरत जाते तसतसा हा रोध वाढतो. तो तिप्पट झाला तर १५० अँपिअर देताना ४.५ व्होल्ट आत जातील आणि बाहेर जेमतेम ८ व्होल्ट उरतील. एवढ्यावर सेल्फ इंजिनाला फिरवू शकत नाही. ‘टक्’ हा आवाज सेल्फचा स्विच ओढला गेल्याचा असतो. पुढे विभवांतर कोसळते आणि तो पुन्हा सुटतो. म्हणजे गाडी अडते तेव्हा बॅटरी अगदी कोरडी झालेली नसते. साधारण अर्ध्याहून अधिक भार गेला की अडचण सुरू होते, असा ढोबळ हिशेब धरायला हरकत नाही.

थेंबे थेंबे तळे आटे

आता रात्रीचा जमाखर्च मांडू. बॅटरी नवी, पूर्ण भरलेली, ३५ अँपिअर-तासांची आहे असे समजा.

पहिले उदाहरण : हेडलाइट चालू राहिले. दोन मोठे दिवे आणि मागचे लहान दिवे मिळून सुमारे १२० वॅट. प्रवाह १२० ÷ १२ = १० अँपिअर. साडेतीन तासांत ३५ अँपिअर-तास संपतील. प्रत्यक्षात त्याआधीच, कारण मोठ्या प्रवाहाने बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही. गाडी मध्यरात्रीच अडलेली असेल.

दुसरे उदाहरण : डिकीतला ५ वॅटचा बल्ब जळत राहिला. प्रवाह सुमारे ०.४ अँपिअर. रात्रीच्या दहा तासांत ४ अँपिअर-तास गेले, म्हणजे एक नवमांशाच्या आसपास. सकाळी गाडी निमूट सुरू होईल! पण शनिवारी रात्री नऊला उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सातला काढली, तर मधल्या ३४ तासांत साडेतेरा अँपिअर-तास जातात. ‘गाडी नेमकी सोमवारीच त्रास देते’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढाच गुणाकार असतो.

तिसरे उदाहरण : काहीच चालू नाही, तरी ०.०४ अँपिअर (४० मिलिअँपिअर) प्रवाह वाहतो आहे. दिवसाला सुमारे १ अँपिअर-तास. अर्धी बॅटरी उतरायला सतरा-अठरा दिवस लागतील. २०२० च्या टाळेबंदीत आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या राहिलेल्या कित्येक गाड्या सुरू होईनात, त्यामागे हाच मंद खर्च होता.

यातून एक महत्त्वाचा निकष हाती येतो. ३५ अँपिअर-तासांची निरोगी, भरलेली बॅटरी दहा तासांत निम्मी करायची तर पावणेदोन अँपिअर, म्हणजे वीस-एकवीस वॅट लागतात. तुमच्या गाडीतली गळती त्याहून पुष्कळ कमी असूनही बॅटरी एकाच रात्रीत उतरत असेल, तर बॅटरीही दोषी आहे, किंवा ती संध्याकाळी भरलेलीच नव्हती. गळती आणि बॅटरीची क्षमता हे दोन आकडे शेजारी मांडल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. यांपैकी एकच पाहिल्याने पैसे वाया जातात.

चावी काढल्यावरही वीज कोण घेते?

जुन्या अँबॅसिडर किंवा पद्मिनी गाडीत चावी काढली की बॅटरीवर जवळजवळ काहीच भार उरत नसे. आजच्या गाडीत तसे नाही. रिमोटने दार उघडायचे तर रिमोटची हाक ऐकणारा ग्राहक सतत जागा हवा. चोरीची धोक्याची घंटा, घड्याळ, रेडिओची आणि इंजिन-नियंत्रकाची स्मृती यांनाही थोडी थोडी वीज लागते. हे सारे मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असेल, तर ते स्वाभाविक समजतात.

येथे एक खुबी आहे. चावी काढून दारे लावल्यावर गाडीतील इलेक्ट्रॉनिक पेट्या लगेच शांत होत नाहीत. त्या काही मिनिटे, काही गाड्यांत अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ, जाग्या राहतात आणि मग एकामागून एक ‘झोपी’ जातात. त्या अवधीत प्रवाह काही अँपिअरही असू शकतो. दार उघडले, रिमोट दाबला, काही गाड्यांत नुसती चावी जवळ आणली तरी त्या पुन्हा जाग्या होतात. घाईने मोजणाऱ्याला मोठा आकडा दिसतो आणि नसलेल्या दोषाचा शोध सुरू होतो. मोजणाऱ्याच्या कृतीमुळेच मोजायची गोष्ट बदलते, याचे हे घरगुती उदाहरण.

पहिली पायरी : दोष बॅटरीचा की गाडीचा?

प्रयोगशाळेतील नियंत्रित प्रयोगाप्रमाणे हे ठरवता येते. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्यावी. काही तास थांबून विभवांतर नोंदवावे. मग ऋण टर्मिनलची वायर सोडवून बॅटरी रात्रभर एकटी ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावे. गाडीशी संबंधच तोडलेला असताना १२.६ चे १२.३ झाले, तर दोष निश्चित बॅटरीत आहे. विभवांतर टिकले, पण दुसऱ्या रात्री वायर जोडून ठेवल्यावर ते उतरले, तर गाडीत गळती आहे. १०.५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर सहांपैकी एक घट आतल्या आत जुळला गेल्याची शंका घ्यावी, कारण १२.६ मधून २.१ गेले की १०.५ उरतात.

विभवांतर टिकूनही क्षमता घटलेली असू शकते. म्हणून आणखी एक चाचणी : एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर पाहावा. आकडा साधारण ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर भरलेली असूनही बॅटरी थकली आहे. पट्टिकांवरचे लेड सल्फेट फार काळ तसेच राहिले की त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि चार्ज करूनही ते पूर्ववत होत नाहीत. बॅटरी वारंवार पूर्ण उतरू दिल्याने हीच हानी होते. म्हणून गळती वेळीच न शोधल्यास ती शेवटी चांगली बॅटरीही खाते.

इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर बॅटरी भरतच नाही. मग रात्रीच्या गळतीचा शोध व्यर्थ आहे. रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीतही जमा कमी आणि खर्च जास्त अशी स्थिती येते.

आधी सावधगिरी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा विडी-काडी नको. आतील आम्लाने डोळ्यांना व त्वचेला इजा होते; चष्मा आणि हातमोजे वापरावेत. हातातील अंगठी, बांगड्या, धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे. वायर सोडवताना नेहमी ऋण टर्मिनल आधी. गाडीचा सारा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोकावर पाना लावलेला असताना तो सांगाड्याला टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह पान्यातून जाईल. ऋण वायर आधी सुटली असेल तर हा धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण टर्मिनल शेवटी. विद्युत व हायब्रिड गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पण नारिंगी रंगाच्या जाड केबली उच्च विभवांतराच्या असतात. त्यांना हात लावू नये.

गळती कशी मोजावी?

व्होल्टमीटर समांतर आणि अँमीटर एकसर जोडायचा, हा धडा येथे कामी येतो. अँमीटर बॅटरीच्या दोन टोकांना सरळ लावला तर तो जवळजवळ शून्य रोधाचा असल्याने मीटरचा फ्यूज तरी उडेल किंवा मीटरच.

१. सर्व दिवे, पंखा, रेडिओ बंद करावेत. बॉनेट उघडे ठेवावे. फ्यूजपेटी गाडीच्या आत असेल तर त्या बाजूचे दार उघडे ठेवून त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने ढकलून ‘बंद’ स्थितीत आणावे, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटेल. नंतर दार लावण्यापूर्वी मूठ ओढून कुलूप मोकळे करायला विसरू नये. चावी गाडीपासून दूर, घरात ठेवावी.

२. दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरने ऋण टर्मिनलचा खांब आणि त्यावरून सोडवायची केबल आधीच जोडून घ्यावी. मग केबल खांबावरून काढावी. मंडल तुटले नाही, म्हणून पेट्या जाग्या होत नाहीत आणि घड्याळही पुसले जात नाही.

३. अर्धा-पाऊण तास थांबावे. मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर, लाल दोरी ‘१० अँपिअर’च्या भोकात घालून, त्या वायरला समांतर जोडावा आणि वायर काढावी. आता सारा प्रवाह मीटरमधून जाईल. यापुढे सेल्फ मारू नये, मोठा दिवा लावू नये.

४. आकडा नोंदवावा. काम संपल्यावर लाल दोरी लगेच व्होल्टच्या भोकात परत लावावी. नाहीतर पुढचा माणूस व्होल्ट मोजायला जाईल आणि नकळत बॅटरीची टोके जुळवील.

वाटेकरी शोधताना

समजा, शेवटचा स्थिर आकडा ०.४४ अँपिअर आला. आता एकेक फ्यूज काढून आकडा पाहावा. दहा फ्यूज काढले तरी फरक नाही; अकरावा काढताच ०.४४ चे ०.०३ झाले. म्हणजे ०.४१ अँपिअर त्या शाखेतून जात होते. फ्यूजपेटीच्या झाकणावर ती शाखा ‘आतील दिवे’ अशी लिहिलेली आहे. ०.४१ × १२.४ = सुमारे ५ वॅट. आतील कोणता दिवा ५ वॅटचा आहे? डिकीतला. डिकी बंद असताना तो जळतो का, हे पाहण्यासाठी मोबाइल फोन चित्रण चालू करून डिकीत ठेवावा आणि डिकी लावावी. चित्रणात उजेड दिसला की काम झाले. दोष बल्बचा नसून झाकणाने दाबल्या जाणाऱ्या स्विचचा आहे. प्रवाहाच्या आकड्यावरून वॅट आणि वॅटवरून वस्तू, अशी ही साखळी आहे.

फ्यूज काढून पुन्हा बसवला की त्या शाखेतील पेटी जागी होते आणि पुन्हा थांबावे लागते. ओहमचा नियम येथे आणखी एक वाट दाखवतो. फ्यूज जागेवरून न काढताच त्याच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजावे. पातीच्या फ्यूजच्या माथ्यावर यासाठी धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. लाल रंगाच्या १० अँपिअर फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो. त्यातून ०.४१ अँपिअर जात असतील तर टोकांमध्ये सुमारे ३ मिलिव्होल्ट दिसतील. प्रवाह नसेल तर शून्य. साध्या मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर हे वाचता येते आणि यासाठी बॅटरीची वायर सोडवावीही लागत नाही. निळ्या (१५ अँपिअर) व पिवळ्या (२० अँपिअर) फ्यूजचा रोध क्रमाने कमी असतो, म्हणून तेवढ्याच मिलिव्होल्टला त्यांतून अधिक प्रवाह जात असतो, हे विसरू नये.

नेहमीचे संशयित

सर्वांत आधी मागाहून बसवलेल्या वस्तू तपासाव्यात. कंपनीच्या वायरिंगवर कारागिराने पुष्कळदा घाईने जोड दिलेले असतात. बाजारातील म्युझिक सिस्टिमला पिवळी वायर कायमच्या पुरवठ्यासाठी आणि लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्यासाठी असते. दोन्ही एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्यावर दिल्या की रेडिओ चावीबरोबर बंद होत नाही. काचेवरचा कॅमेरा, गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र, तपासणीच्या सॉकेटात खोचून ठेवलेले उपकरण, चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या सॉकेटातील मोबाइल चार्जर हे सारे रात्रभर वीज घेत राहतात.

दुसरा संशयित रिले. त्याचे संपर्कबिंदू ठिणगीने चिकटले तर पंखा किंवा पंप बंद होत नाही. रिलेची गुंडाळीच चालू राहिली तर तीही दीड-दोनशे मिलिअँपिअर घेते. सकाळी सर्व रिले कोमट-गार तपासावेत. रात्रभर उभ्या गाडीत एखादा रिले कोमट लागला तर त्यातून प्रवाह वाहतो आहे.

सर्व फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर नजर अल्टरनेटरकडे वळवावी. त्याची जाड वायर लहान फ्यूजमधून न जाता जवळजवळ थेट बॅटरीला जोडलेली असते. आतील डायोड प्रवाहाला एकाच दिशेने, बॅटरीकडे, जाऊ देतात. एखादा डायोड बिघडला की रात्री बॅटरीतून उलट प्रवाह वाहतो. अल्टरनेटरची वायर (बॅटरी तोडून) सोडवून व टोक गुंडाळून पुन्हा मोजल्यास खात्री होते.

शेवटी बॅटरीचा माथाही पाहावा. धूळ आणि आम्लाच्या ओलाव्याने तेथे प्रवाहाला वाट मिळते. मीटरचे एक टोक ऋण खांबाला आणि दुसरे माथ्याच्या प्लॅस्टिकला टेकवून व्होल्ट दिसतात का पाहावे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने माथा पुसून कोरडा केला की ही गळती थांबते. हे पाणी घटांच्या आत जाऊ देऊ नये.

दुरुस्ती आणि नंतर

दोष सापडला की दुरुस्ती बहुधा स्वस्त असते : एक स्विच, एक रिले, एक नीट दिलेला जोड. दुरुस्तीनंतर गळती पुन्हा मोजून ती ५० मिलिअँपिअरच्या आत आल्याची खात्री करावी. त्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. खोल उतरलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर न सोडता चार्जिंगला टाकावी. क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या, म्हणजे ३५ अँपिअर-तासांना साडेतीन अँपिअरच्या प्रवाहाने दहा-बारा तास भरणे बॅटरीला मानवते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण वायर सोडवून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. अर्थात रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तो आधी शोधून ठेवावा. बॅटरी खरोखरच निकामी झाली असेल, तर ती भंगारात न देता दुकानदाराला परत करावी. शिसे विषारी आहे. उघड्यावर बॅटऱ्या फोडून ते काढण्याची किंमत त्या वस्तीतील मुलांना मोजावी लागते. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

वर्गात करण्याजोगे

गाडी नसली तरी हा शोध वर्गात घेता येतो. एका फळीवर दीड व्होल्टचे चार सेल एकसर जोडून ६ व्होल्ट घ्यावेत. त्यांवर स्विच असलेल्या चार समांतर शाखा काढाव्यात आणि प्रत्येक शाखेत एक रिकामी काडेपेटी बसवावी. तीन शाखांत टोके मोकळी ठेवावीत. चौथ्या काडेपेटीत १०० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक दडवावा. चारही स्विच चालू करून गटांना मल्टिमीटर द्यावा आणि काडेपेट्या न उघडता चोर शोधायला सांगावे. ६० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह दिसेल. त्यावरून आतील रोध किती, हेही त्यांनी सांगावे. पुढच्या फेरीत दोन पेट्यांत वेगवेगळे रोधक ठेवावेत. पहिला सापडताच थांबणारे गट आणि आकडा शून्यावर येईपर्यंत शोधणारे गट यांतला फरक लगेच दिसून येतो.

नंतर विचारण्यासाठी काही प्रश्न :

१. एका गाडीत गळती ७० मिलिअँपिअर आहे आणि बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. किती दिवसांत ती निम्मी होईल? मालक म्हणतो, ती एका रात्रीत उतरते. तुम्ही काय तपासाल?

२. बॅटरी बदलल्यावर तक्रार तीन आठवडे नाहीशी झाली आणि मग परत आली. यावरून गळतीबद्दल काय अनुमान काढता येईल?

३. फ्यूज काढला तेव्हा प्रवाह कमी झाला, पण तोच फ्यूज परत बसवल्यावर प्रवाह आधीपेक्षा वाढलेला दिसला. याची कारणे कोणती असू शकतील आणि ती कशी पडताळाल?